धाकल्या दिराच्या पाच इलेक्शनी

माजं नाव हिराबाई. जलम कुठला म्हनशीला तर आता काय सांगू तुमाला, गाव असं न्हाई बगा. आमी धनगर, मेंढरामागं फिरनारी मान्सं, आमच्या माणदेशाला पाऊस न्हाई, म्हनून दिवाळी झाली की मेंढरं घिऊन खाली कृष्णंच्या काठाला उतरायचं, उसाच्या मुलखात, आन मिरीग जवळ आला की माघारी. तितं एका मळेकऱ्याच्या रानात वाडा बसला हुता, वाडा म्हंजी काय, मेंढरांना जाळी लावायची आन बाजूला आपली चूल, तितंच मी झाली. त्या मळेकऱ्याच्या म्हातारीनं माजी नाळ कापली आन स्वताचं लुगडं फाडून मला गुंडाळली, असं आई सांगायची. म्हंजी डोळं उघडल्यापास्नंच मी दुसऱ्याच्या उपकारात हाय. त्ये काय वाईट न्हाई. उपकार घ्यायला बी मान्साला जमलं पायजे.

तुमी आमदाराचं इचाराय आला हायसा, मला म्हाईत हाय. सांगती की. पर त्यो आमदार कुनाला? मला न्हवं. मला त्यो नामा. लगीन होऊन मी आली तवा सासूबाई नुकत्याच गेलेल्या, आन ह्यो धाकला दीर कोकराच्या पाठीला धरून उभं ऱ्हायला शिकत हुता. मालक म्हंजी माजं नवरं, त्येचा थोरला भाऊ, दिसभर मेंढरामागं, सासरा तर बोलायचाच न्हाई. मग लेकरू कुनी बगायचं? मी बी लेकरूच हुती, पर मी थोरलं लेकरू. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, त्येच्यावर कोंबड्यांची पाटी, त्येच्यावर नामा, आन मी लगाम धरून म्होरं. असं त्येला मी वाढीवला. मला पुढं पोरी झाल्या, देवानं ल्योक दिला न्हाई, पर मला कवा कमी वाटलं न्हाई. त्यो मला वैनी म्हनतो, आन माजं मन आई आयकतं.

साळंचं मीच काढलं. मालक म्हनलं, धनगराच्या पोराला साळा कशाला, आज इतं तर उंद्या तितं. म्या म्हनलं, म्हनूनच येका जागी ठिवायचं. औंधाला बोर्डिंग हुतं. मी त्येला घिऊन चालत औंधाला गेली, डोंगरावर यमाईचं दर्शन घेतलं, आय यमाई, ह्ये तुज्या पदरात घालती म्हनलं, आन बोर्डिंगच्या गुर्जींच्या पाया पडली. माघारी निगाली तर पोरगं वरडाय लागलं, वैनी, मला ठिवू नगं, वैनी. मी मागं वळून बगितलं न्हाई. बगितलं असतं तर तुमी आज इतं आला नसता, गड्या.

शिकला. मास्तर झाला. पगार आला, घड्याळ आलं, आमाला वाटलं झालं, वाडीचं सोनं झालं. तर काय झालं, येकदा मालकांची मेंढरं फारेष्टात शिरली म्हनून गार्डानं धरली आन नेऊन कोंडली. पिल्लं इकडं आन आया तिकडं. पिल्लं भुकेनं वरडून वरडून गप पडली. मग नामा आमाला घिऊन आण्णांकडं गेला. आण्णा म्हंजी तवाचं आमदार, मोटं घर, मोटं फाटक. फाटकावरचा गडी म्हनला, बसा. बसलो. उनात बसलो. सांजपतोर बसलो, आतनं गाड्या येत्यात, जात्यात, आमच्याकडं कुनी बगंना. दिवं लागायच्या वक्ताला गडी म्हनला, सायेब आज भेटनार न्हाईत. नामा उठला आन चालाय लागला. वाटंनं निम्म्यात आल्यावर म्हनला, वैनी, आण्णा वाईट मानूस न्हाई, पर त्येला आपन फाटकातनं दिसत न्हाई. आपल्यातलं कुनीतरी आत पायजे.

आन राजीनामा दिला की वो पोरानं! मास्तरकीचा! मी रडली, भांडली, चार दिस त्येला वाढलं न्हाई, मालकांनी वाढलं. फारम भरला. पक्षाचं तिकीट कोन देतंय, अपक्ष. आन चिन्ह काय मिळालं? छत्री! आवं, आमच्या माळाला पानी न्हाई प्यायला आन आमी छत्रीला मत मागत फिरतोय. बाया हसायच्या, म्हनायच्या, हिराबाय, आदी पाऊस आन, मंग छत्री बगू. पडला. डिपाझिट बी गेलं. घरी आला तो घोंगडं वडून झोपला. म्या ताट नेऊन म्होरं ठिवलं. म्हनलं, पडलास म्हंजी मेलास न्हवं, ऊठ, खा. त्यो उठला, खाल्लं, आन मंग म्हनला, वैनी, मला कुनी पाडलं न्हाई. आपली मान्सं गावातच न्हवती.

त्येच तर खरं हुतं. इलेक्शन यायची हिवाळा सरताना. तवा आमची समदी मान्सं खाली, कोन वाळव्यात, कोन कऱ्हाडाकडं, कोन तासगावाकडं. मत हितं आन मानूस तितं. कितीक म्हाताऱ्या मान्सांनी जल्मात मत दिलं नव्हतं, मी बी त्यातलीच.

दुसऱ्या खेपंला आमी दोगं नवरा-बायकूनं ठरीवलं की मान्सं आनायची. आमचा वाडा हुता इस्लामपूरच्या अंगाला, येका सुभेदाराच्या रानात. मिलट्रीतनं आलेला मानूस, मिशा अशा, चालायचा बी ताटच. मराठा, बागाईतदार, ऊस तुटला की खतासाटी मेंढरं बसवायचा, दरसाल आमालाच बोलवायचा. मी डोईवर पाटी घिऊन दूध इकायला म्हनून निगायची आन भवतीच्या सगळ्या वाड्यांवर जाऊन सांगायची, मताला चला, आपला नामा उभा हाय, ह्या खेपंला चिन्ह कपबशी हाय, ध्यानात ठिवा. मान्सं म्हनायची, हिराबाय, येतो की, पर मेंढरं कुनावर टाकू? येकेक घरातनं येक गडी मागं ठिवला तर निम्मी मतं तितंच गेली. आन मेंढरू काय दावनीचं जनावर हाय व्हय, बांदलं आन गेलं? लांडगा हाय, चोर हाय, आन शेजारी हिरवागार ऊस.

मताचा दिस जवळ आला आन मी हात टेकलं. सुभेदारीनबाईंच्या दारात बसून रडली. सुभेदार वट्यावर दाढी करत हुतं. त्येनी इचारलं, काय झालं गं हिराबाई? म्या सांगितलं. त्येंच्या घरावर पक्षाचा झेंडा हुता, आण्णांच्याच पक्षाचा, त्ये मला ठावं हुतं, पर आता लपवून काय करायचं, सगळं सांगितलं. त्येनी तोंड पुसलं. म्हनलं, सगळे वाडे माझ्या खोडव्याच्या, ऊस तुटलेल्या रानात आणा. मेंढरं माझ्या हवाली करा आणि जावा.

मला वाटलं चेष्टाच करत्यात. मालक बी मागनं आलं हुतं, त्ये तर हसलंच, म्हनलं, सुभेदार, मेंढरं हाय ती, पलटन न्हाई. त्ये म्हनलं, पलटन पण सुरवातीला मेंढरंच असती रं.

आन खरंच केलं वो त्या मान्सानं! आसपासच्या गावचं मिलट्रीतनं आलेलं जुनं दोस्त बोलवून आनलं, रानाच्या चारी बाजूनं मान्सं उबी केली, पाळ्या लावल्या. त्येंच्या पक्षाची मान्सं आली, मी बगत हुती, गाडीतनं उतरली आन म्हनाय लागली, सुभेदार, ह्ये काय चाललंय, कुनाला मदत करताय म्हाईत हाय का? सुभेदार म्हनलं, माझं मत वाळव्यात, ह्यांचं मत माणदेशात. मी मत मागितलं न्हाई, दिलं न्हाई. मी मेंढरं राखतोय. मेंढरांचा पक्ष सांगा मला, मग बोला. ती मान्सं गुमान गेली. पुढं त्येना गावात कुनी कुनी बोलायचं बंद झालं म्हनं, पर त्येनी आमच्या म्होरं कवा बोलून दाकीवलं न्हाई, सुभेदारीनबाईंनी सांगितलं मला, लय सालांनी.

येष्टीनं गेलो. येष्टी म्हंजी काय, जत्राच. म्हाताऱ्या, पोरं, लेकुरवाळ्या, पागुटीवालं गडी, येका म्हातारीनं तर कालच जलमलेलं कोकरू वटीत आनलं, म्हनली, ह्येची आय मेली, ह्येला मी सुभेदाराच्या हवाली कशी करू, दूध कोन पाजंल. कंडाक्टर म्हनला, म्हातारे, ह्येचं तिकीट? ती म्हनली, त्येला मत न्हाई, मंग तिकीट कशाचं? आक्खी येष्टी हसली. साळंम्होरं आमची वळ लागली ती पार वड्यापतोर. मी पैल्यांदा शिक्का हातात धरला. कपबशी दिसली, तिच्यावर मारला. आमच्या वाड्यावर कपबशी कसली, आमी टोपनात च्या प्यायचो, पर त्या दिशी ती कपबशी माजी हुती.

माघारी आलो तर बगतो काय, सुभेदाराच्या डोळ्याला डोळा न्हाई, कोट न्हाई अंगात. मालकांना वाटलं, लांडगा आला का काय. येक मेंढी पार बांदाच्या कडंला व्याली हुती, गारठा पडला हुता, सुभेदारांनी कोट काढून पिल्लाला गुंडाळला हुता आन ते वट्यावर सुभेदारीनबाईंच्या मांडीवर निजलं हुतं. आमची कुत्री मातूर सुभेदारांना रानात पाय ठिवू देत न्हवती, म्हनून त्ये बांदावरच बसून ऱ्हायलं हुतं. मला बगितल्यावर उटून उभं ऱ्हायलं, म्हनलं, सगळी हजर, मोजून घ्या. मालक म्हनलं, न्हाई मोजत. मी पाया पडाय वाकली तर मागं सरकलं. म्हनलं, पाया नको, गडी निवडून आला तर सांगायला ये.

सांगायला जावं लागलं न्हाई. मतमोजनीच्या दिशी सुभेदारच कानाला रेडू लावून बांदाबांदानं पळत आलं, त्या वयाला, मिशा भिजलेल्या, हिराबाई, तुझा गडी आला! लय थोडक्यात आला, पर आला. त्येंचा सवताचा पक्ष पडल्याला, आन पेडं त्येनीच वाटलं. अशी मान्सं माज्या वाट्याला आली, आता मी देवाकडं आनिक काय मागायचं, सांगा तुमी.

मंग आमदारकी. नामानं तालुक्याच्या गावाला घर घेतलं, पर फाटक लावलं न्हाई. मान्सं थेट सैपाकघरात यायची. म्या म्हनलं, अरं दाराला कडी तरी लाव, कुत्रं भाकरी नेतंय. म्हनला, वैनी, कुत्र्याला नेऊ द्या, मानूस माघारी जायाला नगं. येकदा मला मुंबैला नेली, ती मोटी सभा भरती तितं, वर सज्ज्यात बसीवली. दारावरल्या पोलिसानं माजी पानाची चंची काढून घेतली, मी म्हनलं, बाबा, नीट ठिव, तंबाकू खाऊ नगंस. खाली बगती तर काय, कोन बोलतंय, कोन पेपर वाचतंय, कोन डुलकी घेतंय. मंग नामा उठला. चरायच्या रानाचं बोलला, फारेष्टात धरलेल्या मेंढरांचं बोलला, आन म्हनला, पिल्लं आईवाचून वरडत्यात तवा ती कायदा इचारत न्हाईत. डुलकी घेनारा जागा झाला, बगा. मी पदर तोंडात घातला, न्हाई तर मी तितनंच वरडली असती. औंधाच्या वाटंवर मागं वळून न बगितल्याचं त्या दिशी फिटलं.

कामं झाली. जनावरांचा डाक्टर आला वाडीवर, पोरींचं वसतिगृह झालं, मेंढरं न्यायच्या वाटंचा सरकारी कागद झाला, आता गार्ड धरायच्या आदी इचारतो. तिसऱ्या खेपंला लोकांनी भरभरून मतं दिली, कोन म्हनलं न्हाई की मेंढरं कुनावर टाकू, नात्यातल्या मान्सांनी पाळ्या लावून घेतल्या.

आन चौथ्या खेपंला पडला. कसा? पान्यावरनं. कॅनॉल मंजूर झाला, पर त्यो उताराच्या गावांकडनं आदी आला, आमच्या माळावर न्हाई. लोक म्हनली, आपला आमदार आन पानी दुसऱ्याला? नामा सांगायचा, पानी चढ चढत न्हाई बाबानू, वर आनायला म्होरचा टप्पा लागतो, तवर त्येंच्या लेकरांनी तरी प्यावं का न्हाई? खरं हुतं. पर तहानल्याला खरं गिळत न्हाई. पाचव्या खेपंला तर लयच पडला. आमच्या वाडीतच कमी मतं पडली. मला लय लागलं त्ये. मी चुलीम्होरं बसून येकेकाचं नाव घिऊन बोलली, ह्येला मी जेवाय घातलं, तिचं बाळंतपन मी केलं. मालक तवा न्हवतं, गेलं हुतं. नामा आयकून घेत हुता. मंग म्हनला, वैनी, झालं का बोलून? दोनदा दिलं त्येनी. ते काय आपलं येनं हुतं व्हय? चला, चप्पल घाला.

कुटं म्हनलं. आभार मानायला.

आवं, निवडून आल्याला मानूस आभाराला जातो, पडल्याला कुटं जातो? पर ह्यो गेला. जीप न्हाई, झेंडा न्हाई, मी आन त्यो. येकेक वाडी, येकेक वस्ती. हात जोडायचा आन म्हनायचा, दोनदा तुमी मला मुंबैला धाडलं, तुमचं उपकार हायती, काय चुकलं असंल तर पोटात घाला. मान्सं दारातनं आत पळायची लाजंनं. येका घरात येक बाई हुती, तिनं वस्तीवरच्या समद्यांना सांगितलेलं, ह्येला मत दिऊ नगा, मला ते कळलं हुतं. मी तिच्या दारात पाय ठिवनार न्हवती. नामा शिरला. ती च्या ठिवायला गेली ती आतनं येईचना. मी गेली बगाय तर चुलीम्होरं रडत बसलेली. म्हनली, हिराबाय, माजं दोन बैल गेलं दुस्काळात, मला कुनावर तरी राग काडायचा हुता गं. म्या तिचं डोळं पुसलं, च्या मीच गाळला. बाहेर आली तवा माज्या मनातलं समदं धुवून गेल्तं. पडून बी मानूस एवढं मिळवतो, मला ठावं न्हवतं.

सुभेदार गेलं त्येला आता लय सालं झाली. तेराव्याला आमी समदं गेल्तो, नामा तवा आमदार हुता, तरी मागं धनगरांत बसला.

आता बगा, पानी आलं माळावर. म्होरच्या आमदाराच्या काळात आलं, फित त्येनं कापली, नामा टाळ्या वाजवाय गेल्ता. डाळिंबं झाली, पोरींच्या पोरी बँकेत लागल्या. नामाचं गुडघं दुखत्यात. येष्टीनं फिरतो, माजी आमदाराला पास असतो, पुढच्या शिटावर आमदार-खासदार लिवल्यालं असतं, पर तितं कुनीतरी लेकुरवाळी बसलेली असती आन ह्यो दांडीला धरून उभा. कंडाक्टर म्हनतो, सायेब, बसा की. म्हनतो, आमदारासाटी हाय रं त्ये, मी माजी हाय.

ह्या इलेक्शनला तर मजाच झाली. माज्या वयाच्या मान्साला आता साळंत जायला लागत न्हाई, सरकार घरी येतं. मास्तरीनबाई आली, पोलीस आला, फोटू काडनारा आला, सोप्यात पुट्ट्याचा आडोसा केला. नामा माज्या शेजारीच बसलेला. मास्तरीनबाई भीत भीत म्हनली, साहेब, मतदान होईपर्यंत तुम्हाला बाहेर थांबावं लागेल. त्यो हसला, काठी घेतली आन अंगनात जाऊन लिंबाखाली उभा ऱ्हायला. जाताना म्या म्हनलं, नामा, कुनाला देऊ रं? म्हनला, वैनी, ते मी सांगनार न्हाई.

मी आडोशाआड बसली. कागद उघडला. वरनं खाली बगितलं, खालनं वर बगितलं. इतक्या सालांत कवा तरी त्येचं नाव असायचं, कवा न्हाई तर त्येनं सांगितलेलं कुनीतरी असायचं. ह्या खेपंला कोन न्हाई, मी आन कागद. लय येळ लागला मला. मास्तरीनबाईनं इचारलं, आजी, काही अडचण आहे का? न्हाई गं बाय म्हनलं, पैल्यांदाच माजं मी ठरीवतीया, थांब जरा. मंग निशानी केली, पाकीट चिकटीवलं, दिलं.

नामा आत आला. काठी कोपऱ्यात ठिवली. म्हनला, वैनी, च्या टाकू का? टाक म्हनलं.

कुनाला दिलं ते मी तुमाला बी सांगनार न्हाई. तुमी लिवा आपलं, जे लिवायचं ते. लांबनं आलायसा, आता जेवून जावा, भाकरी झालीया. बिरोबा तुमास्नी औक्ष देवो, आन चांगली मान्सं तुमच्या वाटंत येवोत, लय मोटं मागनं हाय हे, मला देवानं न मागता दिलं.